छाटणी, रचना आणि कर्तेपण : छायाचित्राच्या चौकटीचा इतिहास

१

छायाचित्राच्या कडा कातरून त्याची रचना सुधारणे ही क्रिया कलाविचारात बहुधा तंत्राच्या सदरात टाकली जाते. हौशी छायाचित्रकारांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत तिच्यासाठी एखादे छोटे प्रकरण राखलेले असते. क्षितिजरेषा बरोबर मध्यावर येऊ देऊ नये, मुख्य विषयाभोवतीची अनावश्यक जागा कमी करावी, कडेवर अर्धवट आलेली आकृती काढून टाकावी, अशा सूचना तेथे क्रमाने येतात. या उपदेशात ‘अनावश्यक’ हा शब्द फार सहजपणे वापरला जातो. अनावश्यक काय, हे कोणी, केव्हा आणि कोणत्या अधिकाराने ठरवायचे, हा प्रश्न मात्र उपस्थित होत नाही.

छायाचित्रणाच्या इतिहासाकडे या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिले, तर एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. छाटणीचा पुरस्कार करणाऱ्यांनी आणि तिला ठाम विरोध करणाऱ्यांनी, दोघांनीही रचनेचीच साक्ष काढलेली आहे. एकाने म्हणावे की रचनेसाठी कातरणे आवश्यक आहे. दुसऱ्याने म्हणावे की कातरल्याने रचना मरते. एकच तत्त्व परस्परविरोधी व्यवहारांचे समर्थन करू लागले की त्या तत्त्वाच्या आड दुसरा एखादा प्रश्न उभा असण्याची शक्यता तपासावी लागते. तो प्रश्न कर्तेपणाचा आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे. कलाकृतीची हद्द कोठे संपते आणि ती हद्द ठरवण्याचा अधिकार छायाचित्रकाराचा, संपादकाचा की खुद्द निगेटिव्हचा, या वादाला रचनेची भाषा प्रत्येक काळात सोयीची ठरली आहे.

प्रथम चित्राची कड आणि छायाचित्राची कड यांतील भेद स्पष्ट करणे इष्ट ठरेल. चित्रकार कोऱ्या पृष्ठभागावर काम करतो. कॅनव्हासची कड त्याला आधीच दिलेली असते आणि तिच्या आत जे जे येते ते त्याने आणलेले असते. छायाचित्रकारासमोर जग अगोदरच भरलेले असते. त्याची पहिली कृती वगळण्याची असते. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील छायाचित्रविभागाचे प्रमुख जॉन झारकोव्स्की यांनी ‘द फोटोग्राफर्स आय’ (१९६६) या ग्रंथात छायाचित्राच्या पाच वैशिष्ट्यांत चौकटीला स्वतंत्र स्थान दिले, ते याच कारणाने. स्टॅन्ली कॅव्हेल यांनी ‘द वर्ल्ड व्ह्यूड’ (१९७१) मध्ये हा विचार आणखी पुढे नेला. चित्रातील घराच्या मागे काय आहे हा प्रश्न निरर्थक ठरतो. छायाचित्रातील घराच्या मागे मात्र काही तरी असतेच, आणि कॅमेऱ्याने ते तोडून बाहेर ठेवलेले असते. या अर्थाने प्रत्येक छायाचित्र ही मुळातच एक छाटणी होय. ज्याला व्यवहारात ‘क्रॉप करणे’ म्हणतात ती दुसरी छाटणी. पहिली प्रत्यक्ष जगासमोर होते, तर दुसरी जगाच्या पश्चात, प्रतिमेसमोर होते. पुढील विवेचनात या दोन छाटण्यांमधील अंतरालाच विशेष महत्त्व आहे.

२

छायाचित्रणाच्या पहिल्या पर्वात हे अंतर फारसे जाणवत नव्हते. काचेच्या निगेटिव्हवर कागद दाबून प्रिंट काढले जाई, त्यामुळे प्रिंट निगेटिव्हच्याच आकाराचे होई. कातरकाम नव्हते असे नाही. भिंगाच्या दोषामुळे कडा अंधुक येत, कोपरे काळवंडत. ते झाकण्यासाठी अंडाकृती किंवा कमानदार खिडकीच्या पुठ्ठ्यात प्रिंट बसवण्याची चाल होती. १८५४ मध्ये आंद्रे दिस्देरी याने पॅरिसमध्ये ‘कार्त द व्हिझित’चे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक छोट्या प्रतिमा घेऊन त्या कात्रीने सुट्या करायच्या, अशी ही पद्धत होती. कात्री येथे दुकानदारीचा भाग होती. तिच्याशी कलामूल्य जोडलेले नव्हते.

कलामूल्याचा प्रश्न आला तो चित्रकलेशी बरोबरी सांगण्याच्या आकांक्षेतून. हेन्री पीच रॉबिन्सन याने ‘फेडिंग अवे’ (१८५८) हे मृत्युशय्येवरील मुलीचे दृश्य पाच निगेटिव्ह जोडून सिद्ध केले आणि ‘पिक्टोरिअल इफेक्ट इन फोटोग्राफी’ (१८६९) या पुस्तकात रंगचित्राच्या रचनेचे नियम छायाचित्राला लावून दाखवले. समतोल, कर्ण, पिरॅमिड, प्रकाशाचा प्रमुख बिंदू ही सारी परिभाषा त्याने चित्रशाळेतून उचलली. आज प्रत्येक कॅमेऱ्याच्या पडद्यावर रेषांच्या रूपाने दिसणारा ‘तृतीयांशाचा नियम’सुद्धा छायाचित्रणाहून जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ याने १७९७ मध्ये ग्रामीण दृश्यांच्या चित्रणासंबंधी लिहिलेल्या पुस्तकात तो मांडला होता. म्हणजे ज्या नियमांच्या आधारे छायाचित्राच्या कडा कातरल्या जातात, ते नियम जिथे कड कातरावी लागतच नाही अशा कलेतून आलेले आहेत. या विसंगतीची दखल क्वचितच घेतली गेली. पीटर हेन्री एमर्सन याने ‘नॅचरॅलिस्टिक फोटोग्राफी’ (१८८९) मध्ये रॉबिन्सनच्या कृत्रिमतेवर कडाडून हल्ला केला. पण त्याचा रोख जोडकामावर आणि मांडून घेतलेल्या दृश्यांवर होता.

छाटणीला स्वतंत्र कलाव्यापाराचा दर्जा मिळण्यासाठी निगेटिव्ह आणि प्रिंट यांचे आकार एकमेकांपासून सुटे व्हावे लागले. जलद ब्रोमाइड कागद आणि एन्लार्जर यांचा प्रसार झाल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ते घडले. निगेटिव्ह आता अंतिम प्रतिमेचा साचा न राहता कच्चा माल बनले. या बदलाचा सर्वांत जाणता उपयोग आल्फ्रेड स्टीगलिट्झ याने केला. २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यू यॉर्कमधील हिमवादळात फिफ्थ अव्हेन्यूवर तीन तास उभे राहून त्याने घोडागाडीचे एक छायाचित्र घेतले. ‘विंटर, फिफ्थ अव्हेन्यू’ या नावाने प्रसिद्ध असलेली उभी प्रतिमा मूळ निगेटिव्हचा बराच भाग वगळून सिद्ध झाली आहे. १८९७ मधील ‘द हँड कॅमेरा : इट्स प्रेझेंट इम्पॉर्टन्स’ या लेखात त्याने आपली पद्धत कोणताही संकोच न ठेवता सांगितली. हातकॅमेऱ्याची आपली निगेटिव्हे मोठी करण्याच्या हेतूनेच घेतलेली असतात आणि मूळ दृश्याचा एखादा भागच आपण बहुधा वापरतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

हातकॅमेरा त्या काळी बटन दाबणाऱ्या हौशी लोकांचे खेळणे मानला जाई. १८८८ मध्ये आलेल्या कोडॅकने शंभर छायाचित्रांची भरलेली पेटी ग्राहकाच्या हाती दिली होती. बाकीचे काम कारखाना करी. या गर्दीपासून कलावंताला वेगळे काढायचे कसे? स्टीगलिट्झचे उत्तर दुहेरी होते. एक, वाट पाहण्याची तपश्चर्या; दोन, नंतरची निवड. बटन कोणीही दाबू शकतो, परंतु निगेटिव्हमधला नेमका कोणता भाग ‘चित्र’ आहे हे ओळखणारी दृष्टी कलावंताची. छाटणी हे येथे कर्तेपणाचे प्रमाणपत्र आहे. यंत्राने जे आंधळेपणाने टिपले त्यावर माणसाच्या निर्णयाची मुद्रा उठवणारी ती कृती आहे.

३

तीस-चाळीस वर्षांत हे प्रमाणपत्र उलटे झाले. १९१७ मध्ये ‘कॅमेरा वर्क’च्या शेवटच्या अंकात पॉल स्ट्रँडची छायाचित्रे प्रसिद्ध झाली तेव्हा चित्रसदृश छायाचित्रणाचा काळ ओसरला होता. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात ‘ग्रुप एफ/६४’ ची स्थापना झाली. त्यातील एडवर्ड वेस्टन आठ गुणिले दहा इंची कॅमेऱ्याने काम करी आणि निगेटिव्हवरून थेट त्याच आकाराचे प्रिंट काढी. काचेवर दिसणारी प्रतिमा शटर दाबण्यापूर्वीच अंतिम स्वरूपात पाहता आली पाहिजे, ही त्याची धारणा होती. निर्णयाचा क्षण डार्करूममधून उचलून कॅमेऱ्यामागे आणण्यात आला. नंतर कातरावे लागणे म्हणजे आधी नीट न पाहिल्याची कबुली.

स्टीगलिट्झसुद्धा उत्तरायुष्यात याच शुद्धतेचा प्रवक्ता झाला, आणि त्याची ही नंतरची प्रतिमा इतकी प्रभावी ठरली की त्याचा पूर्वकाळ विस्मृतीत गेला. वॉकर एव्हान्सने एका मुलाखतीत आपल्या आणि स्टीगलिट्झच्या वृत्तीतील भेद सांगताना छाटणीचेच उदाहरण घेतले. स्टीगलिट्झ चौकटीचा पाव इंचही कापणार नाही, आपण मात्र चांगल्या चित्रासाठी हवे तेवढे इंच कापू, असा त्याचा अभिप्राय. ज्याने छाटणीला कलेचा दर्जा दिला त्याच्याच नावे तिच्या निषेधाची परंपरा सांगितली जावी, यातून परंपरा कशा ‘घडवल्या’ जातात हे दिसून येते.

छाटणीविरोधाचे सर्वांत प्रभावी प्रतिपादन हेन्री कार्तिए-ब्रेसाँ याचे. १९२५ मध्ये लायपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा बाजारात आला. सिनेमाच्या फिल्मवर २४ गुणिले ३६ मिलिमीटरची चौकट टिपणारे हे छोटे यंत्र कार्तिए-ब्रेसाँने १९३२ मध्ये हाती घेतले. त्यापूर्वी त्याने आंद्रे लोत या चित्रकाराकडे शिक्षण घेतले होते आणि भूमितीची शिस्त तेथून त्याच्यात उतरली होती. १९५२ मध्ये तेरियाद यांनी प्रकाशित केलेल्या ‘इमाज आ ला सोव्हेत’ या संग्रहाच्या प्रस्तावनेत (इंग्रजी आवृत्तीचे नाव ‘द डिसायसिव्ह मोमेंट’) त्याने मांडलेली भूमिका सर्वश्रुत आहे. घटनेचा अर्थ आणि तिला व्यक्त करणारी आकारांची नेमकी संघटना यांची ओळख एकाच निमिषार्धात व्हावी लागते. ती झाली नसेल तर नंतर कातरून दुबळी रचना सबळ होत नाही, आणि झाली असेल तर कातरल्याने प्रमाणांचा परस्परसंबंध नष्ट होतो.

या भूमिकेला केवळ सौंदर्यतत्त्व समजणे अपुरे ठरेल. स्टीगलिट्झ आपली प्रिंट्स स्वतः काढत असे; कार्तिए-ब्रेसाँला डार्करूममध्ये रस नव्हता. त्याची फिल्म प्रयोगशाळेत धुतली जाई, प्रिंट दुसरे काढत, आणि ती जगभरच्या सचित्र नियतकालिकांच्या संपादकांकडे जात. अशा व्यवस्थेत शटर दाबल्यानंतरचा प्रत्येक निर्णय परक्याच्या हाती असतो. ‘कातरू नका’ हा आग्रह त्यामुळे कलाविषयक सिद्धांत होता तसाच व्यावसायिक करारातील अटीसारखाही होता. १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, डेव्हिड सेमूर, जॉर्ज रॉजर आणि कार्तिए-ब्रेसाँ यांनी ‘मॅग्नम’ ही सहकारी संस्था उभारली. तिचा मूलाधार हाच होता की निगेटिव्हवरील हक्क छायाचित्रकाराकडे राहावा. रचनेची अखंडता आणि मालकीची अखंडता या येथे एकाच मागणीच्या दोन बाजू आहेत.

या सिद्धांताच्या कर्त्याचे सर्वांत ख्यात छायाचित्र मात्र कातरलेले आहे. ‘सेंट-लझार स्टेशनच्या मागे’ (१९३२) हे पाण्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचे छायाचित्र कुंपणाच्या फळ्यांमधील फटीतून घेतले गेले. फट अरुंद असल्याने निगेटिव्हच्या डाव्या बाजूला फळीचा अंधुक काळा पट्टा आला. तो आणि खालच्या बाजूचा काही भाग प्रिंटमध्ये वगळला आहे. टीकाकार या अपवादाकडे कधी विनोदाने तर कधी दोषदृष्टीने पाहतात. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र गंभीर आहे. फळी काढल्याने रचना सुधारली हे निर्विवाद. परंतु फळीबरोबर पाहणाऱ्याची जागाही गेली. मूळ निगेटिव्ह सांगते की येथे कोणी तरी कुंपणाआडून डोकावत होते. कातरलेले छायाचित्र सांगते की जग आपल्या सुघटित रूपात आपोआप प्रकट झाले. रचनेची पूर्णता आणि द्रष्ट्याचे लोपणे या दोन गोष्टी एकाच कापाने साधल्या आहेत.

पुढे अखंड निगेटिव्हची खूण म्हणून प्रिंटभोवती काळी कड ठेवण्याची रूढी पडली. निगेटिव्हच्या प्रतिमेबाहेरील कोरी जागा प्रिंटमध्ये काळ्या रेषेच्या रूपाने उमटते. ती दिसली की छाटणी झालेली नाही असे समजावे. रिचर्ड ॲव्हेडनने १९७९ ते १९८४ या काळात घेतलेल्या ‘इन द अमेरिकन वेस्ट’ मालिकेत ही काळी कड ठळकपणे राखली आहे. तोवर तिचा अर्थही पालटला होता. पुरावा म्हणून आलेली रेषा स्वतःच एक अलंकार झाली, रचनेचा घटक झाली. शुद्धतेलाही शैलीचे रूप येते, याचे हे चांगले उदाहरण होय.

४

छायाचित्रकारांच्या सिद्धांतांत ही चर्चा चालू असताना विसाव्या शतकातील बहुसंख्य छायाचित्रे वाचकांपर्यंत पोचली ती संपादकाच्या मेजावरून, आणि तेथे छाटणी हा नित्यक्रम होता. १९३६ मध्ये सुरू झालेल्या ‘लाइफ’ने छायाचित्र-निबंध हा प्रकार रूढ केला. अशा निबंधात एकेक छायाचित्र वाक्यासारखे वापरले जाई आणि त्याचा आकार पानाच्या मांडणीवर अवलंबून असे. यूजीन स्मिथचा ‘लाइफ’शी झालेला संघर्ष याच मुद्द्यावरचा होता. आल्बर्ट श्वाइट्झर यांच्यावरील त्याचा निबंध नोव्हेंबर १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. निवड आणि मांडणी यांवर आपले नियंत्रण नाही, या कारणाने त्याने नियतकालिक सोडले. परंतु त्याच निबंधातील श्वाइट्झर यांच्या प्रमुख छायाचित्रात खालच्या कोपऱ्यात दिसणारे हात आणि करवतीची मूठ स्मिथने दुसऱ्या निगेटिव्हवरून आणून बसवली होती. तेव्हा त्याचा आक्षेप प्रतिमेत फेरफार होण्याला नव्हता. तो फेरफार दुसऱ्याने करण्याला होता. कर्तेपणाचा प्रश्न येथे उघडा पडतो.

छाटणीने अर्थ कसा घडतो याची तीन भिन्न उदाहरणे या पर्वातून घेता येतील. पहिले वीजी याच्या ‘द क्रिटिक’ (१९४३) चे. न्यू यॉर्कच्या ऑपेरागृहापाशी हिरे-लोकरीने नटलेल्या दोन स्त्रिया आणि त्यांच्याकडे रोखून पाहणारी एक दरिद्री स्त्री असे हे दृश्य आहे. पूर्ण निगेटिव्हमध्ये आजूबाजूची इतर माणसे आहेत. प्रसिद्ध प्रतिमेत हे त्रिकूटच उरते. गर्दीतील एक योगायोग छाटणीमुळे वर्गविरोधाचे रूपक बनतो. त्या स्त्रीला मुद्दाम तेथे आणले होते, असे वीजीच्या साहाय्यकाने पुढे सांगितले. म्हणजे पहिली मांडणी आणि दुसरी छाटणी एकाच हेतूने झाली होती.

दुसरे उदाहरण आर्नल्ड न्यूमनने १९४६ मध्ये घेतलेल्या इगोर स्ट्राव्हिन्स्की यांच्या व्यक्तिचित्राचे. पियानोचे उघडलेले काळे झाकण पांढऱ्या भिंतीवर एखाद्या स्वरचिन्हासारखे उभे आहे आणि संगीतकार कोपऱ्यात बसला आहे. निगेटिव्हचा बराच भाग कापल्यावर ही रचना सिद्ध झाली. येथे छाटणीने काही लपवलेले नाही. उलट व्यक्ती आणि वाद्य यांचा संबंध तिने प्रथमच दृश्य केला. छाटणीला सरसकट लबाडी ठरवणाऱ्या मताला हे छायाचित्र पुरेसे उत्तर आहे.

तिसरे उदाहरण आल्बेर्तो कोर्दाचे. ५ मार्च १९६० रोजी हवानात, ‘ला कूब्र’ जहाजावरील स्फोटात मेलेल्यांच्या शोकसभेत त्याने चे गेव्हाराचे छायाचित्र घेतले. मूळ आडव्या चौकटीत एका बाजूला दुसऱ्या माणसाची आकृती आहे, दुसऱ्या बाजूला ताडाच्या झावळ्या आहेत. ‘रेव्होलुसिओन’ या वृत्तपत्राने हे छायाचित्र त्या वेळी वापरले नाही. कोर्दाने दोन्ही बाजू कापून उभे व्यक्तिचित्र तयार केले आणि आपल्या स्टुडिओत लावले. १९६७ मध्ये ते इटालियन प्रकाशक फेल्त्रिनेल्ली याच्या हाती पडले आणि त्याच वर्षी चेच्या हत्येनंतर भित्तिपत्रकांवरून जगभर गेले. शेजारचा माणूस गेला तेव्हा सभा गेली. झावळ्या गेल्या तेव्हा हवाना गेले. उरला तो काळ-स्थळापासून सुटलेला चेहरा. सदऱ्यांवर आणि पेल्यांवर छापला जाण्याची त्याची क्षमता या सुटण्यातून आली. क्रांतीची प्रतिमा बाजारात इतक्या सुलभपणे का वावरते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग या दोन उभ्या कापांत आहे.

५

वृत्तछायाचित्रणाच्या नीतिशास्त्रात छाटणीला आजही निर्दोष मानले जाते. २०१० मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत स्तेपान रुदिक या छायाचित्रकाराचे पारितोषिक काढून घेण्यात आले. त्याने मूळ चौकटीचा फार मोठा भाग कापला होता आणि रंगीत छायाचित्र कृष्णधवल केले होते. या दोन्ही गोष्टींना हरकत नव्हती. हरकत होती ती उरलेल्या प्रतिमेतून एका माणसाच्या पायाचा छोटासा तुकडा पुसून टाकण्याला. यामागील गृहीतक असे की प्रतिमेच्या आत केलेले वगळणे असत्य असते आणि कडेवरून केलेले वगळणे ही निवड असते. या भेदाला व्यावहारिक आधार आहे : आतील पुसण्याने जे कधीच नव्हते असे दृश्य निर्माण होते, कडेच्या कापाने उरलेले दृश्य अबाधित राहते. परंतु अर्थाच्या दृष्टीने हा भेद तितका पक्का नाही.

८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममधील त्रांग बांग येथे नापाम बाँबने भाजलेल्या, रस्त्यावरून धावत येणाऱ्या किम फुक हिच्या छायाचित्राची प्रचलित आवृत्ती उजवीकडून कातरलेली आहे. कापलेल्या पट्ट्यात सैनिक आहेत आणि कॅमेऱ्यातील फिल्म बदलण्यात गुंतलेला एक छायाचित्रकारही आहे. तो राहिला असता तर पाहणाऱ्याला आपण एका माध्यमघटनेचे प्रेक्षक आहोत याचे भान झाले असते. तो गेल्याने मुलीची वेदना आणि पाहणारा समोरासमोर येतात. अनेकांच्या मते हा काप योग्यच होता, आणि वेदनेची तीव्रता लक्षात घेता ते पटण्यासारखे आहे. पण त्यामुळे घडले असे की छायाचित्रकारांची गर्दी दृश्यातून गेली. पन्नासहून अधिक वर्षांनी, २०२५ मध्ये, हे छायाचित्र घेतले कोणी याविषयीच वाद उपस्थित झाला. असोसिएटेड प्रेसने निक उट यांचे श्रेय कायम ठेवले. वर्ल्ड प्रेस फोटोने मे २०२५ मध्ये ते स्थगित केले. त्या रस्त्यावर अनेक कॅमेरे होते ही वस्तुस्थिती छाटलेल्या प्रतिमेतून कधीच दिसली नव्हती.

रचनेच्या युक्तिवादाची खरी कसोटी लागली ती जानेवारी २०२० मध्ये. स्वित्झर्लंडमधील डाव्होस येथे हवामानबदलाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या पाच तरुणींचे छायाचित्र असोसिएटेड प्रेसने प्रसृत केले. त्यात चौघीच दिसत होत्या. डाव्या टोकाला उभी असलेली युगांडाची व्हनेसा नकाटे कापली गेली होती. पाचजणींत ती एकटीच कृष्णवर्णीय होती. तिने जाहीरपणे जाब विचारल्यावर वृत्तसंस्थेने दिलेले स्पष्टीकरण असे होते की कामाच्या घाईत ही छाटणी निव्वळ रचनेच्या कारणाने झाली. तिच्यामागील इमारत दृश्यात खटकत होती. संस्थेने पुढे दिलगिरी व्यक्त केली.

हे स्पष्टीकरण खोटे होते असे मानण्याचे कारण नाही, आणि नेमके म्हणूनच ते विचारार्ह आहे. मराठी सौंदर्यविचारात बा. सी. मर्ढेकर यांनी कलाकृतीच्या संघटनेचे संवाद, विरोध आणि समतोल हे तीन लयनियम मांडले. या नियमांनी पाहिले तर डाव्होसच्या छायाचित्रात हिमाच्छादित पर्वत आणि चार आकृती यांच्यात संवाद आहे. डावीकडची इमारत तो बिघडवते आणि समतोल ढळतो. केवळ संवेदनांच्या पातळीवर हा निर्णय बिनचूक ठरू शकतो. मात्र मर्ढेकरांच्या विचाराला एक अट अभिप्रेत आहे : ज्यांची संघटना करायची ते घटक लौकिक अर्थापासून मुक्त, शुद्ध संवेदनारूप मानता आले पाहिजेत. छायाचित्रातील आकृती तशी मानता येत नाही. ती रंगाचा डाग असते तशीच विशिष्ट नावाची, विशिष्ट देशाची व्यक्तीही असते, आणि तिचे त्या ठिकाणी असणे हा पुरावा असतो. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये कलेविषयीच्या स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी भूमिकांचा ताण तपशिलाने उलगडला आहे. तो ताण छायाचित्राच्या कडेइतका टोकदार क्वचितच कोठे होत असेल. कडेवर काप देताना आकृती ‘आकार’ असते. काप दिल्यावर बाहेर पडते ती ‘व्यक्ती’.

शिवाय ‘खटकणे’ हाही निरपेक्ष अनुभव नव्हे. कोणता घटक केंद्र आणि कोणता कड, याचा निर्णय डोळा ज्या सवयींनी घेतो त्या सामाजिक असतात. चौघींपैकी एक जगप्रसिद्ध होती आणि छायाचित्राचे केंद्र तिच्यामुळे ठरले होते. ज्यांना केंद्र म्हणून पाहण्याची सवय नाही ते कडेवर येतात आणि जे कडेवर असतात तेच छाटणीत प्रथम जातात. हेतू शुद्ध असूनही परिणाम अशुद्ध होऊ शकतो, तो या मार्गाने.

रोलाँ बार्थ यांनी ‘ला शाँब्र क्लेर’ (१९८०) मध्ये मांडलेली ‘पंक्टम’ची संकल्पना येथे उपयोगी पडते. छायाचित्रकाराच्या हेतूत नसलेला, तरीही पाहणाऱ्याला टोचणारा तपशील म्हणजे पंक्टम. रचना सुधारण्यासाठी केलेली छाटणी अशाच तपशिलांवर चालते, कारण ते हेतूच्या योजनेत बसत नाहीत. यंत्राने माणसाच्या इच्छेविरुद्ध टिपलेले जे काही असते, त्यात छायाचित्राचे चित्रकलेहून वेगळेपण सामावलेले आहे. रचनेच्या नावाने ते काढून टाकत गेले तर छायाचित्र उत्तरोत्तर चित्रासारखे होते आणि साक्षीदार म्हणून दुबळे होते.

६

मग अखंड निगेटिव्हलाच सत्य मानावे काय? छाटणीविरोधकांचा तसा आग्रह असला तरी तो टिकणारा नाही. निगेटिव्हची चौकट निसर्गाने दिलेली नाही. दोनास तीन हे लायकाचे प्रमाण सिनेमाच्या फिल्मच्या रुंदीतून आले. कोडॅकच्या १८८८ च्या कॅमेऱ्याची प्रतिमा वर्तुळाकार होती. अखंड चौकट हीसुद्धा कारखान्यात ठरलेली छाटणीच होय. पहिल्या छाटणीला पावित्र्य देऊन दुसरीला दोष देण्यात तर्कसंगती नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला या पेचातून वाट काढणारे एक साधन परिचित आहे, ते म्हणजे पाठचिकित्सा. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’चे एझ्रा पाउंडने केलेल्या काटछाटीसह मूळ हस्तलिखित १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा छापील कविता खोटी ठरली नाही आणि हस्तलिखित हीच खरी कविता असेही कोणी म्हटले नाही. बदलले ते एवढेच की कवितेची हद्द दोन हातांनी आखली होती हे दृश्य झाले आणि वगळलेल्या ओळी अर्थनिर्णयात सहभागी होऊ लागल्या. रेमंड कार्व्हरच्या कथांची संपादकीय काटछाटीपूर्वीची रूपे २००९ मध्ये ‘बिगिनर्स’ या नावाने पुढे आली तेव्हाही असेच घडले. ‘मॅग्नम कॉन्टॅक्ट शीट्स’ (२०११) यासारख्या ग्रंथांमुळे छायाचित्राच्या बाबतीत हे काम आता शक्य झाले आहे. कॉन्टॅक्ट शीटवर लाल पेन्सिलीने ओढलेल्या रेषा हस्तलिखितातील खोडाखोडीच्याच जातीच्या आहेत आणि त्यांचे वाचनही तितक्याच काटेकोरपणे व्हायला हवे. आजच्या संगणकीय छाटणीत कापलेला भाग मूळ फाइलमध्ये बहुधा शाबूत राहतो. त्यामुळे पाठभेद उपलब्ध होण्याची शक्यता वाढली आहे, मात्र काप सोपा झाल्याने त्याची दखल घेण्याची वृत्ती कमी झाली आहे.

सारांश, छाटणी योग्य की अयोग्य या स्वरूपात मांडलेला प्रश्न छायाचित्राच्या समीक्षेला फारसा पुढे नेत नाही. स्टीगलिट्झसाठी छाटणी हे कर्तेपण मिळवण्याचे साधन होते, कार्तिए-ब्रेसाँसाठी तिला नकार हे कर्तेपण राखण्याचे, आणि संपादकाच्या हाती ती कर्तेपण वाटून घेण्याचे साधन झाली. तिघांनीही रचनेचे नाव घेतले. न्यूमनच्या व्यक्तिचित्रात त्या नावाने आकाराचा खरा शोध लागला, तर डाव्होसच्या छायाचित्रात त्याच नावाने एक उपस्थित व्यक्ती अनुपस्थित झाली. दोन्हींतील फरक रचनेच्या नियमांतून कळत नाही. कापलेला तुकडा पुन्हा जागेवर ठेवून पाहिल्यावरच तो कळतो. म्हणून छायाचित्राच्या अभ्यासकाने रचनेचे गुणदोष सांगण्यापूर्वी ती कोणत्या कापाने सिद्ध झाली, तो काप कोणी दिला आणि त्याने काय बाहेर गेले याची नोंद पाठभेदाइतकी आवश्यक मानली पाहिजे.